दोंडाईच्याला दोन मिनिटं

सारंगखेड्याची यात्रा उठली,
रेतीवर नालांचे ठसे तेवढे उरले,
त्या रात्रीपासून आम्ही तबेल्यात बल्ब लावला.
दोनशे वॅटचा. दिवस मावळला की चालू, अकराला बंद.
यामिनी डॉक्टर म्हणाली होती,
घोडीला दिवस मोठा झाल्यासारखा वाटला पाहिजे,
मग तिचं अंग लवकर जागं होतं.

म्हणजे शेवंतीला आम्ही थंडीभर फसवलं.
भारनियमन लागलं की गुमान ट्रॅक्टर आणून उभा करायचा,
हेडलाइट दावणीवर,
आणि ती कडबा चघळत बघत राहायची
हा कुठला सूर्य, ज्याला डिझेलचा वास येतो.

फाल्गुनात तिनं शेपूट वर धरली.

शहाद्याहून भाड्यानं आणलेला तट्टू
फळीपलीकडून मान काढून हुंकारायचा.
त्याचं काम इतकंच, विचारायचं.
ती हो म्हणाली की त्याला ओढून न्यायचं
आणि मूठभर हरभरे द्यायचे.
मला बघवायचं नाही. मी हरभरे दोन मुठी द्यायची.

मशीनच्या पडद्यावर करडं धुकं,
धुक्यात एक काळं बोर.
काल बत्तीस, आज अडतीस, डॉक्टर मिलिमीटर मोजते.
भोवती मोसंब्याच्या फोडींसारख्या घड्या.
"आजच सुई देते. बाडमेरला फोन लावा,
म्हणावं, काढा आणि गाडीत घाला."

दुसऱ्या दिवशी गाडी दोंडाईच्याला दोन मिनिटं थांबली.
गार्डाच्या डब्यातून थर्माकोलची पेटी,
चारही बाजूंनी चिकटपट्टी.
हमालानं विचारलं, "डबामा काय शे, माय?"
मी काही बोलायच्या आत गुमान म्हणाला, "घोडा."
हमालानं पेटी हळूच कानाला लावली.

मोटारसायकलवर मी मागे, पेटी मांडीवर,
पेटीवर ओलं गोणपाट.
गोणपाट रस्त्यातच वाळलं.
तापीच्या पुलावर गुमाननं गाडी थांबवली, खाली उतरला,
भिजवून आणलं. चाळीस अंश, आणि माझ्या मांड्या गार.
आत कोण आहे त्याचा फोटो मी फोनवर पाहिला होता:
कुमैत, कपाळावर चंद्र, कान टोकाला टोक.
त्याला कुठं ठाऊक, तो खानदेशात आलाय ते.

घरी पाणी तापत होतं.
शेपटीला पट्टी मी बांधली, मुळापासून,
एक केससुद्धा सुटा नको.
मग धुणं. कोमट पाणी, कापूस,
एकदा पुसलेला बोळा पुन्हा बादलीत नाही.
कापूस पांढराच निघेस्तोवर.
शेवटी कोरडं करायचं, अगदी कोरडं,
कारण पाण्याच्या थेंबानंही ते मरतात.
उन्हानंही मरतात.
चार महिने उजेड उजेड करत होतो,
आता डॉक्टर ओरडते, "दार लावा, उजेड नको!"

सूक्ष्मदर्शकातून तिनं मलाही बघू दिलं.
यात्रेच्या पहिल्या दिवसाची गर्दी,
जो तो पळतोय, पत्ता कुणालाच माहीत नाही.
काही नुसते गोल गोल फिरत होते.
डॉक्टर म्हणाली, "निम्म्याहून जास्त सरळ जातायत. चालेल."

खांद्यापर्यंत मोजा, लांब नळी.
मी शेवंतीचं तोंड छातीशी धरलेलं.
तिनं एकदा पाय उचलला, परत ठेवला.
तिचा श्वास माझ्या पदरात.
कुणाचा हात, कुणाचं बीज, कुठली रेती,
तिनं काही विचारलं नाही, आणि मला
काय सांगावं ते सुचलं नाही,
म्हणून गळ्याखाली खाजवत राहिले,
तिला आवडतं तिथं.
एवढंच. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ.

तट्टू संध्याकाळी टेम्पोतून परत गेला.

बर्फाच्या निळ्या पिशव्या गुमाननं उशाला घेतल्या.
पेटीत आता कोंबडी बसलीय,
झाकणावर बाडमेरचा पत्ता तसाच.
सोळाव्या दिवशी डॉक्टर मशीन घेऊन येणार.
आज नववा.
काल रात्री बल्ब बंद करायला मी विसरले,
पहाटे गेले तर ती उभ्या उभ्या झोपलेली, उजेडातच,
खालचा ओठ लोंबता.